पर्यायी खासगी शाळा: बौद्ध पालकांनी प्रवेशाआधी काय तपासावे?

दरवर्षी आरटीईच्या प्रवेशाचे दिवस आले की विहारात वंदना संपल्यावर तरुण पालक आम्हाला गाठतात. पूर्वी प्रश्न एकच असायचा: इंग्रजी माध्यम की मराठी? आता त्यात नवे शब्द आले आहेत. मॉन्टेसरी, वॉल्डॉर्फ, प्रयोगशील शाळा, घरशाळा, 'दप्तराविना शाळा'. समाजातली पहिली-दुसरी शिकलेली पिढी आता पालक झाली आहे. बँकेत, रेल्वेत, आयटीत, शिक्षकी पेशात असलेल्या या पालकांनी स्वतः शाळेत छडी खाल्ली आहे आणि काहींनी जातीवरून टोमणेही ऐकले आहेत. आपल्या मुलांच्या वाट्याला ते येऊ नये, ही त्यांची इच्छा रास्त आहे. पण माहितीपत्रकावरचे हसरे चेहरे पाहून निर्णय घेतला आणि चौथीत मूल काढून आणावे लागले, अशीही घरे आमच्या पाहण्यात आहेत.

म्हणून हा लेख. पर्यायी शाळा म्हणजे काय, त्यातून काय मिळते, काय गमवावे लागू शकते आणि आपल्या समाजाच्या पालकांनी कोणते जादा प्रश्न विचारायला हवेत, हे आम्ही एका जागी मांडत आहोत. कार्यकर्त्यांनी तो आपापल्या वस्तीत पालकांसमोर वाचावा, हीही अपेक्षा आहे.

पर्यायी शाळा म्हणजे नेमके काय?

पाठांतर, परीक्षा, नंबर आणि शिक्षा यांवर चालणाऱ्या नेहमीच्या शाळेपेक्षा वेगळ्या पद्धतीने शिकवणारी शाळा, एवढाच या शब्दाचा ढोबळ अर्थ. कायद्यात 'पर्यायी शाळा' असा वेगळा वर्ग नाही. आपल्याकडे दिसणारे मुख्य प्रकार असे:

मॉन्टेसरी: मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. साधने हाताळत मूल स्वतःच्या गतीने शिकते. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धाच्या काळात इथेच राहिल्या. आज गल्लोगल्ली मॉन्टेसरीची पाटी दिसते, कारण हे नाव कोणीही लावू शकतो. त्यामुळे शिक्षिकेचे प्रशिक्षण कुठे झाले, हे विचारावेच लागते.

वॉल्डॉर्फ: रुडॉल्फ स्टायनर यांची पहिली शाळा १९१९ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये सिगारेट कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी निघाली. गोष्टी, चित्रे, हस्तकला यांवर भर, लेखन-वाचन उशिरा, घरी टीव्ही-मोबाइल नको असा आग्रह. मुंबईत अशा शाळा आहेत.

कृष्णमूर्ती शाळा: आंध्रातील ऋषी व्हॅली सर्वांत प्रसिद्ध. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरजवळ सह्याद्री स्कूल ही निवासी शाळा १९९५ पासून आहे. स्पर्धा आणि भीती यांशिवाय शिक्षण, ही भूमिका.

मराठी माध्यमाच्या प्रयोगशील शाळा: कोल्हापूरची सृजन आनंद, पुण्याची अक्षरनंदन, नाशिकची आनंद निकेतन, फलटणचे कमला निंबकर बालभवन. यांच्या मागे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला केलेल्या कामाची परंपरा आहे. सेवाग्राममध्ये नई तालीमच्या विचारावर चालणारी आनंद निकेतन शाळा आहे.

घरशाळा आणि शिक्षण केंद्रे: मूल शाळेत न घालता घरी किंवा काही पालकांनी मिळून चालवलेल्या केंद्रात शिकवायचे आणि दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून करायची.

एक गोष्ट लक्षात घ्या. मॉन्टेसरी आणि वॉल्डॉर्फ या दोन्ही पद्धती गरिबांच्या आणि कामगारांच्या मुलांसाठी सुरू झाल्या. त्या श्रीमंतांच्या झाल्या त्या नंतर. म्हणजे 'हे आपल्यासाठी नाही' असे मानायचे कारण नाही. ही पद्धत आपल्या मुलांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था आज नाही, एवढेच म्हणता येईल.

आपल्या घरी हा प्रश्न वेगळा का?

तीन पिढ्या शिकलेल्या घराने शाळेचा प्रयोग केला आणि तो फसला, तर त्या मुलाच्या पाठीशी पुस्तके, ओळखी, इंग्रजी आणि मालमत्ता असते. आपल्यातल्या बहुतेक घरांत मुलाचे शिक्षण हीच मालमत्ता असते. त्यामुळे आपल्याला फसलेल्या प्रयोगाची किंमत जास्त पडते.

दुसरे कारण इतिहासाचे आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर जोतीराव फुले यांनी रयतेच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण मागे पडते, ही तक्रार मांडली. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसून शिक्षण घेतले. पुढे सरकारी शाळा आणि बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती यांच्या आधारे ते कोलंबियापर्यंत पोचले. मुंबई विधिमंडळात त्यांनी शिक्षणावरचा सरकारी खर्च वाढवा आणि ते सर्वांना परवडेल असे ठेवा, असा आग्रह धरला. आपल्या समाजाच्या प्रगतीत सार्वजनिक शाळा, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती या तिन्हींचा वाटा आहे. खासगी पर्याय निवडताना आपण या तिन्हींपैकी काय सोडतो आहोत, याचा हिशेब करायला हवा.

जमेची बाजू

चांगल्या पर्यायी शाळेत मूल घाबरत नाही. मारणे, अपमान करणे, नंबर लावणे नसते. आरटीई कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ सर्वच शाळांत बंद केला आहे, पण प्रत्यक्षात तो कुठे थांबला आणि कुठे नाही, हे पालकांना माहीत आहे.

मूल प्रश्न विचारायला शिकते. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरूने सांगितले आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, ही कालाम सुत्ताची शिकवण आपण विहारात सांगतो. आणि त्याच मुलाला शाळेत 'प्रश्न विचारू नकोस' म्हणून गप्प केले जाते. पर्यायी शाळेतली चर्चा, प्रयोग, प्रकल्प ही पद्धत धम्माच्या या अंगाशी जुळते.

श्रमाला मान मिळतो. अनेक प्रयोगशील शाळांत सगळी मुले पाळीने वर्ग झाडतात, बागकाम करतात, जेवण वाढतात. आपल्या मुलांकडूनच झाडू मारून घेणाऱ्या, स्वच्छतागृह धुवून घेणाऱ्या शाळांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. जिथे डॉक्टरांचे मूल आणि सफाई कामगाराचे मूल एकाच पाळीत झाडू धरते, तिथे जातीची सवय मोडायला सुरुवात होते. अट एकच: पाळी खरोखर सर्वांची हवी.

वर्ग लहान असतो. शिक्षिकेला मूल नावाने आणि स्वभावाने माहीत असते. वाचनात अडखळणाऱ्या किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलाला याचा फार उपयोग होतो.

मराठी माध्यमाच्या प्रयोगशील शाळांत मूल घरच्या भाषेत विचार करते. आरटीईच्या कलम २९ मध्येही शक्यतो मातृभाषेतून शिक्षण असावे असे म्हटले आहे.

खर्चाची बाजू

पहिला खर्च पैशाचा. माहितीपत्रकात पहिलीची फी असते, दहावीची नसते. समजा पहिलीला वर्षाची फी ६०,००० रुपये आहे आणि ती दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते. दहावीत तीच फी वर्षाला सुमारे १ लाख ४१ हजार होते आणि दहा वर्षांची बेरीज सुमारे साडेनऊ लाखांवर जाते. बस, सहली, साहित्य वेगळे. दोन मुले असतील तर दुप्पट. एका मुलाला खासगी आणि दुसऱ्याला, बहुधा मुलीला, महापालिकेची शाळा, अशी विभागणी घरात होणार असेल तर आधी तिथेच थांबा. मुलीच्या वाट्याचे काढून मुलाला देणे सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्या घराला शोभत नाही.

फीबाबत महाराष्ट्रात शुल्क विनियमन कायदा २०११ आहे. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असावी लागते आणि फी ठरवताना तिच्यासमोर प्रस्ताव ठेवावा लागतो. ही समिती तिथे खरोखर चालते का, हे आधीच्या पालकांना विचारा.

दुसरा खर्च वेळेचा. पर्यायी शाळा पालकांचा सहभाग मागते. शनिवारी कार्यशाळा, महिन्याला पालकसभा, घरी गोष्टी वाचून दाखवणे, प्रकल्पाला मदत. हे चांगलेच आहे. पण शिफ्टमध्ये काम करणाऱ्या वडिलांना आणि घरकाम करणाऱ्या आईला त्या शनिवारचा रोज बुडवावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका आईला पालकसभेत 'तुम्ही मुलाला वेळच देत नाही' असे सर्वांसमोर ऐकवले गेले. ती चार घरची कामे करून सभेला आली होती. पुढच्या सभेला ती गेली नाही, आणि शाळेने त्याचा अर्थ 'पालकांना रस नाही' असा लावला. दोष आईचा नव्हता. शाळेने पालकाची जी कल्पना केली होती, तिच्यात ही आई बसत नव्हती.

तिसरा प्रश्न इंग्रजीचा. मराठी प्रयोगशील शाळांचे संस्थापक सांगतात की इंग्रजीची घाई नको. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण ज्यांच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येते त्यांच्या मुलाला इंग्रजी घरातून मिळते. आपल्या मुलाला ते शाळेतूनच मिळणार असते. आपल्या समाजाने इंग्रजीकडे मुक्तीची भाषा म्हणून पाहिले ते उगाच नाही. म्हणून आमचे म्हणणे असे: माध्यम मराठी असायला हरकत नाही, पण दहावीपर्यंत मूल इंग्रजी पुस्तक वाचून समजेल आणि चार वाक्ये धीटपणे बोलेल याची शाळेकडे ठोस योजना हवी. आणि उलट बाजूनेही सांगतो. जिथे शिक्षिकेलाच इंग्रजी येत नाही अशी स्वस्त 'इंग्लिश मीडियम' शाळा यावरचे उत्तर नाही. तिथे मुलाची मराठीही जाते आणि इंग्रजीही येत नाही.

चौथी गोष्ट एकटेपणाची. लहान वर्ग, वीस मुले, आणि त्यांत आपले मूल एकटेच वस्तीतून आलेले. वाढदिवसाची बोलावणी, सुट्टीतल्या सहलींच्या गप्पा, डब्यातले पदार्थ, आडनावावरून होणारी कुजबुज. उघड भेदभाव नसला तरी मूल गप्प होत जाते. अशा शाळांत 'आम्ही जात मानत नाही' हे वाक्य हमखास ऐकू येते. आम्हाला त्या माणसांच्या हेतूवर शंका नाही. पण जातीबद्दल बोलायचेच नाही असे ठरले की ज्याला तिचा त्रास होतो त्याला तक्रार करायला जागा उरत नाही.

काय शिकवतात, हेही पाहा

पद्धत नवी असली म्हणून आशय नवा असतोच असे नाही.

वॉल्डॉर्फ शिक्षणाच्या मागे स्टायनर यांचे 'अँथ्रोपॉसॉफी' हे तत्त्वज्ञान आहे. त्यात पुनर्जन्म आणि मागील जन्मीच्या कर्माला महत्त्वाचे स्थान आहे. वंशांविषयीच्या त्यांच्या काही विधानांवर युरोपातही कडक टीका झाली आहे. हे मुलांना थेट शिकवले जात नाही, पण शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे तत्त्वज्ञान असते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मागच्या जन्माच्या कर्मामुळे आजचे दुःख ही कल्पना नाकारली, कारण याच कल्पनेने जन्मावर आधारलेल्या विषमतेला आधार दिला. मूल मागे का पडते, याचे उत्तर शिक्षक कुठे शोधतात, हा प्रश्न म्हणूनच आपल्यासाठी महत्त्वाचा आहे.

वॉल्डॉर्फच्या पाचवीत प्राचीन भारत येतो, म्हणजे रामायण-महाभारताच्या कथाही येतात आणि बुद्धांचीही येते. कथा सांगायला विरोध नाही. एकलव्याचा अंगठा कसा सांगतात, गुरुभक्तीचे उदाहरण म्हणून की अन्याय म्हणून, हे विचारा. बुद्ध एक अवतार म्हणून येतो की माणूस म्हणून, हेही विचारा.

सणांचेही तसेच. 'आपली संस्कृती' म्हणून सरस्वतीपूजन, गणेशोत्सव, पाटीपूजन होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलाने तेव्हा काय करायचे? संविधानाचे कलम २८(३) स्पष्ट आहे. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा अनुदान दिलेल्या शिक्षणसंस्थेत पालकाच्या संमतीशिवाय अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा पूजेत सहभागी व्हायला लावता येत नाही. प्रवेशावेळीच हे लेखी कळवता येते. त्याबरोबर बुद्धपौर्णिमा, १४ एप्रिल, ३ जानेवारी शाळेत साजरे होतात का, तेही विचारावे. उत्तरातून शाळा कळते.

कागद: सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महाग

आरटीईच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. तसे केल्यास एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजारांपर्यंत दंड आहे. तरीही 'शिक्षण केंद्र' म्हणून चालणाऱ्या अनेक जागांना मान्यता नसते. शाळेचा अकरा अंकी युडायस क्रमांक मागा. मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे आणि दहावी कोणत्या मंडळातून होते, तेही पाहा.

आपल्या मुलांसाठी याचा अर्थ आणखी खोल आहे. पुढे जात पडताळणी समितीसमोर अर्जदाराच्या स्वतःच्या प्राथमिक शाळेचा दाखला किंवा जनरल रजिस्टरचा उतारा मागितला जातो. मूल घरशाळेत किंवा मान्यता नसलेल्या केंद्रात शिकले तर हा कागदच तयार होत नाही. बारावीनंतर अभियांत्रिकी, वैद्यकीयच्या प्रवेशाच्या वेळी धावाधाव होते ती इथून.

शाळेच्या रजिस्टरमधली नोंदही तपासा. नवबौद्धांना महाराष्ट्रात राज्याच्या स्थापनेपासून सवलती मिळाल्या. केंद्राने अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना १९९० मध्ये घेतले. पण केंद्राच्या दाखल्यासाठी धर्मांतरापूर्वीची मूळ जात सिद्ध करावी लागते. शाळेत फक्त 'बौद्ध' एवढीच नोंद राहिली, तर पुढे सगळा भार वडील-आजोबांच्या कागदांवर येतो. जात सोडण्यासाठी धम्म स्वीकारला आणि दाखल्यासाठी तीच जात लिहायची, ही बोच आम्हालाही आहे. तरी हक्काच्या जागेसाठी घरातल्या दाखल्यावरील नोंद आणि शाळेतील नोंद जुळलेली असावी, असा आमचा सल्ला आहे. पर्यायी शाळांतले काही लोक 'आम्ही जात लिहितच नाही' असे अभिमानाने सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण मुलाचे नुकसान होऊ शकते.

राज्याबाहेरच्या निवासी शाळेचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून वैद्यकीय प्रवेश घ्यायचा तर काही अपवाद सोडता दहावी आणि बारावी राज्यातूनच व्हावी लागते.

दहावीसाठी मुक्त विद्यालय किंवा सतरा नंबरचा फॉर्म हे मार्ग खुले आहेत. एनआयओएसमधून वयाच्या चौदाव्या वर्षी दहावीला बसता येते. शाळा सुटलेल्या मुलांसाठी हा मोठा आधार आहे. पण तो शेवटी कामी येणारा मार्ग म्हणून ठेवा. पहिलीपासून त्याच भरवशावर मूल घरी ठेवणे आपल्या घरांना परवडणारे नाही, असे आमचे मत आहे.

आरटीईचा २५ टक्के हक्क

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम १२(१)(क) नुसार विनाअनुदानित खासगी शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या मुलांना यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने. मान्यताप्राप्त पर्यायी शाळांनाही हा नियम लागू आहे. 'आमची पद्धत वेगळी आहे' हे त्यातून सुटण्याचे कारण नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला यातून सूट दिली होती. म्हणजे बहुतेक शहरी खासगी शाळांची दारे बंद झाली असती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या म्हणून हे झाले.

कलम १३ लक्षात ठेवा. प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही आणि मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करता येत नाही. अशी चाळणी लावल्यास पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. पर्यायी शाळांत 'आम्हाला फक्त कुटुंब समजून घ्यायचे आहे' म्हणून पालकांना बोलावतात. भेट प्रवेशानंतर असेल तर चांगलेच. प्रवेश त्या भेटीवर ठरणार असेल तर ते कायद्याच्या विरुद्ध आहे.

आणि मर्यादाही लक्षात ठेवा. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीत पूर्ण फी सुरू होते. ज्या वर्षी दहावीचा पाया घालायचा त्याच वर्षी शाळा बदलायची वेळ येते. प्रवेश घेतानाच नववी-दहावीचे काय, याचा विचार करून दरमहा थोडी बचत सुरू करा.

समाजाच्या स्वतःच्या शाळा

पर्याय म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या शाळेत जागा मिळवणे एवढेच नाही. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. त्याही आधी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह चालवले होते. त्या काळातले ते पर्यायी शिक्षणच होते.

सीमेपलीकडचे एक उदाहरण तरुणांनी माहीत करून घ्यावे. हंगेरीतील रोमा समाजातल्या तरुणांनी बाबासाहेबांपासून प्रेरणा घेऊन धम्म स्वीकारला आणि शाळेतून बाहेर फेकल्या गेलेल्या रोमा मुलांसाठी शायोकाझा गावात डॉ. आंबेडकरांच्या नावाने माध्यमिक शाळा काढली. वेगळ्या शाळांत ढकलली जाणारी ही मुले तिथे बोर्डाच्या परीक्षेपर्यंत पोचू लागली. त्या शाळेचे वेगळेपण मुलाला मान देण्यात होते.

बौद्ध हा केंद्राने अधिसूचित केलेला अल्पसंख्याक समाज असल्याने संविधानाच्या कलम ३० खाली आपल्या संस्थांना शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. मात्र २०१४ च्या प्रमती निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना आरटीई लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. कायद्याचे काहीही होवो, 'बौद्ध अल्पसंख्याक शाळा' अशी पाटी लावून वस्तीतल्या गरीब मुलाला फीसाठी परत पाठवणारी संस्था समाजाची म्हणता येणार नाही. तिथेही याच लेखातले प्रश्न विचारा.

शाळा पाहायला जाताना

एक सुट्टी काढा, शाळा चालू असताना जा, आणि शक्यतो आई-वडील दोघे जा. विचारायचे प्रश्न असे:

१. युडायस क्रमांक काय? मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत? दहावी कोणत्या मंडळाची?
२. गेल्या तीन वर्षांची फी किती होती? दहावीपर्यंतचा अंदाज लेखी देता का?
३. आरटीईची मुले किती आहेत? त्यांना सहली, स्नेहसंमेलन, जादा वर्ग यांत सारखेच घेतले जाते का?
४. शिक्षकांत अनुसूचित जाती-जमातीचे किती जण आहेत?
५. वर्गात जातीवरून कोणी बोलले तर शाळा काय करते? मागे असे घडले तेव्हा काय केले?
६. सण, पूजा, प्रार्थना कोणत्या? भाग न घेणारे मूल तेव्हा कुठे असते?
७. इंग्रजी आणि गणित यांत मागे पडलेल्या मुलाला शाळेत मदत मिळते की बाहेर शिकवणी लावायला सांगतात?
८. रोजंदारीवरच्या पालकांसाठी सभा संध्याकाळी किंवा रविवारी होते का?
९. शाळा सोडून गेलेली मुले का गेली?
१०. इथून दहावी झालेली मुले आज काय करतात? त्यांच्यापैकी एक-दोन पालकांशी बोलता येईल का?

चांगली शाळा या प्रश्नांनी रागावत नाही. पाचव्या प्रश्नाला 'आमच्याकडे असे काही होतच नाही' असे उत्तर आले, तर आम्ही सावध होऊ. 'एकदा झाले होते, आम्ही असे केले' हे उत्तर आम्हाला जास्त विश्वासाचे वाटते.

प्रवेश झाल्यावरही मुलाकडे लक्ष ठेवा. ते शाळेतल्या मित्रांना घरी आणायला लाजते का, आडनाव सांगायला कचरते का, डबा परत आणते का? मार्कांपेक्षा हे आधी पाहा. एकाच शाळेत वस्तीतली दोन-तीन मुले एकत्र घातली तर एकटेपणा पुष्कळ कमी होतो. हे ठरवून करता येते.

आमचे मत

शाळा निवडताना पद्धत तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिला प्रश्न मुलाच्या मानाचा. दुसरा पुढच्या दाराचा: दाखला, दहावी, जात पडताळणी, नववीची फी. या दोन्हींत शाळा उतरली तर मग पद्धतीचे कौतुक करू. या दोन्हींत उतरणारी आणि खिशाला झेपणारी पर्यायी शाळा मिळाली तर जरूर घ्या, अपराधी वाटून घेऊ नका. कर्ज काढून मात्र घेऊ नका. नवोदय विद्यालय, समाज कल्याण विभागाच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठीच्या निवासी शाळा, आणि चांगले शिक्षक असलेली जिल्हा परिषदेची शाळा हेही खरे पर्याय आहेत. त्यांची चौकशी आधी करा.

आणि आपले मूल खासगीत गेले म्हणून वस्तीतली शाळा परकी होत नाही. आरटीईच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. आपल्यापैकी किती जणांना आपल्या वस्तीतल्या समितीचे सदस्य माहीत आहेत? तरुण कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने तीन कामे हाती घ्यावीत: आरटीई अर्जासाठी मदत केंद्र, वस्तीतल्या शाळा समितीच्या सदस्यांची यादी आणि त्यांच्याशी बैठक, आणि रविवारी दोन तासांचा वाचन-इंग्रजीचा वर्ग. पर्यायी शाळा जे पैशाने देते त्यातले बरेचसे, म्हणजे गोष्टी, प्रश्न, प्रयोग आणि न घाबरता बोलणे, या दोन तासांत विहारात देता येते. तिथे फी नाही आणि आडनाव सांगायला कोणी कचरत नाही.

जय भीम, नमो बुद्धाय.